नागपूरच्या पाण्यात पाणवनस्पती वाढवायच्या तर आधी केएच मोजा

उन्हाळा सरला की कुलरच्या ताट्या काढताना त्यांच्यावर पांढरी, खरखरीत खपली दिसते. नखाने खरवडली की भुकटी पडते. पाणी उडून गेलं, चुना मागे राहिला. वनस्पती लावलेल्या अ‍ॅक्वेरियममध्ये मे महिन्यात हेच चालू असतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. एका उन्हाळ्यात माझ्या टाकीतल्या रोटाला या पाणवनस्पतीचे शेंडे आखडले. मी खत वाढवत गेलो आणि पाणी मोजलंच नाही. म्हणून इथे खताची पाळी उशिरा येईल.

पाणी ओळखा. शहराच्या नळांना पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. बोअरची गोष्ट निराळी आहे. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आहे, सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. त्यामुळे दुसऱ्या वस्तीतल्या मित्राने सांगितलेला आकडा आपल्या बोअरला लागू पडत नाही. आपलं पाणी आपणच मोजायचं.

थेंबांचे दोन किट घ्या: जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा आणि केएच म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेट. केएचच्या किटमध्ये नळीत ५ मिली पाणी घेऊन एकेक थेंब टाकायचा आणि दर वेळी हलवायचं. पाणी निळं होतं, निळंच राहतं, आणि मग एका थेंबासरशी पिवळं पडतं. तोवर पडलेले थेंब म्हणजे तुमचा केएच. १ थेंब म्हणजे १ अंश, म्हणजेच लिटरमागे सुमारे १८ मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. नळ, बोअर आणि टाकी, तिन्हींचे आकडे वहीत लिहून ठेवा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवलं की ते निघून जातं. घाई असेल तर हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरा, १०० लिटरला १ ग्रॅम पुरेसा होतो.

रेती तपासा. टाकीत टाकण्याआधी मूठभर कोरड्या रेतीवर पांढरं व्हिनेगर ओता. फसफसली तर तिच्यात चुना आहे, आणि तो रोज थोडाथोडा पाण्यात उतरेल. संगमरवराच्या पांढऱ्या चिप्स दिसायला छान असतात, पण बहुतेक वनस्पतींच्या टाकीत त्यांचं काम नाही.

केएच हवा तिथे आणा. बहुतेक वनस्पतींना ३ ते ८ केएच चालतो. बोअरचा केएच १४ असेल तर एक भाग बोअर आणि दोन भाग आरओ मिसळा, साधारण ४.७ येईल. घरच्या आरओत पुष्कळदा थोडं मूळ पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, म्हणून आरओचं पाणीही एकदा मोजून घ्या.

पीएच उतरवायला आम्ल ओतू नका, हे मी कळकळीने सांगतो. केएच जास्त असेल तर पीएच काही तासांत पुन्हा वर येतो, आणि त्या खालीवर होण्याने मासे हैराण होतात. केएच कमी केला की पीएच आपोआप उतरतो.

आरओ नको असेल तर पाण्याला मानवेल ते लावा. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या आपल्याकडच्याच वनस्पती. त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात, म्हणून जड पाण्यातही वाढतात. जड पाण्यात त्यांची पानं बोटांत चोळून पाहा, कधीकधी चुन्याची कणी लागते. रोटालाचा भर मात्र पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवर असतो.

कार्बन डायऑक्साइड. हवेतून पाण्यात येणारा वायू लिटरमागे अर्ध्या मिलीग्रॅमच्या आसपास असतो. सिलिंडर लावलेल्या टाकीत तो २० ते ३० मिलीग्रॅमपर्यंत नेतात. केएच तोच असेल तर पीएच १ ने उतरला की हा वायू १० पट झाला असं समजावं. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर तो सुमारे ३० मिलीग्रॅम असतो. त्यापुढे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर वायू लगेच बंद करा. रात्री तो बंदच ठेवायचा. सिलिंडर नसेल तर दिवा ६ तासांपेक्षा जास्त लावू नका. जास्त उजेड शेवाळच खातं.

आता खत. इथे विदर्भातल्या माणसाची सोय आहे. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट मिळतं. १९:१९:१९ मात्र टाकीत नको. त्यात युरिया आणि अमोनियमचा नायट्रोजन असतो.

२ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीत रेती टाकल्यावर पाणी साधारण ४५ लिटर उरतं. अर्धा लिटर आरओ पाण्यात ३६ ग्रॅम १३:००:४५ विरघळवा. दुसऱ्या बाटलीत अर्ध्या लिटरला ३.२ ग्रॅम ००:५२:३४. आठवड्याला दोन्हींतून १०-१० मिली दिलं की टाकीत नायट्रेट लिटरमागे १० आणि फॉस्फेट १ मिलीग्रॅमने वाढतं.

पान बघून कमतरता ओळखता येते. जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन कमी आहे, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह. लोह घेताना पाकिटावर डीटीपीए (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारं रसायन) बघा, कारण ईडीटीएचं लोह ६.५ पीएचच्या वर फारसं टिकत नाही.

मे महिना. माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. टाकी ४५ लिटरची, रोज १ लिटर उडायचं आणि मी बोअरचं पाणी भरायचो. दीड महिन्यात एका अख्ख्या टाकीचे क्षार आत आले, आणि बाहेर काहीच गेलं नाही. उडालेल्या पाण्याची भरपाई फक्त आरओच्या पाण्याने करायची. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी काढून बोअर-आरओचं मिश्रण भरणं हे वेगळं काम, तेही चालू ठेवायचं. भरती आणि पाणी बदलणं यांत मी तेव्हा गल्लत करत होतो.

पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की आपल्या कोरड्या हवेत पाणी २-३ अंशांनी उतरतं, पण उडणंही वाढतं, म्हणून भरतीकडे रोज लक्ष हवं. उन्हाळ्यात माशांना कमी खाऊ द्या, कारण उरलेल्या खाऊचा अमोनिया होतो. ३० अंशांना पीएच ७ असेल तर अमोनियाचा विषारी भाग १ टक्क्याहून कमी असतो. पीएच ८ झाला की तो ७ टक्क्यांवर जातो.

जुलैत हवा दमट झाली की पंखा निरुपयोगी ठरतो, पण आकाशातून जवळपास शून्य जीएचचं पाणी फुकट मिळतं. पहिले दोन-तीन पाऊस सिमेंटची गच्ची धुऊन जाऊ द्या, मग झाकणाचा प्लास्टिक ड्रम भरून ठेवा. पत्र्यावरचं पाणी मात्र घेऊ नका, त्यात जस्त उतरतं.