इंदुरात डिस्पोजेबल ताटल्यांशिवाय सामुदायिक जेवण करताना या चुका टाळा

गणेशोत्सवात किंवा कोजागरीला इंदुरातील मराठी घरे शेजाऱ्यांनाही जेवायला बोलावतात, तेव्हा थालीपीठ आणि मसालेभाताच्या शेजारी माळव्याचे दाल-बाफले, सिंधी दाल-पकवान आणि गुजराती हांडवो येऊन बसतात. अशा वेळी डिस्पोजेबल ताटल्या टाळायच्या, एवढे सर्वांना मान्य असते; घोळ होतो तो भांड्यांच्या हिशोबात.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे केवळ माणसे मोजून ताटे ठरवणे. बाफला, म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, डाळीत कुस्करून वर तुपाची धार घेऊन खायचा असल्यामुळे त्याला खोलगट ताट लागते, भुट्ट्याच्या किसाला छोटी वाटी पुरते, आणि पोहे-जिलेबी किंवा हिवाळ्यातील तळलेला गराडू (एक कंद) पळसाच्या द्रोणातही नीट खाता येतो. म्हणून आधी पदार्थांची यादी करावी, मग भांड्यांची.

दुसरी चूक ‘कागदी आहे, चालेल’ असे समजण्याची आहे. 1 जुलै 2022 पासून देशभर एकल वापराच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमच्यांवर बंदी आहे. परंतु कागदी पेल्यांना आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि यंत्रावर दाबलेल्या काही पत्रावळींनाही तो असतो. कडेला फाडून पाहिले तर तो दिसतो. इंदुरात ओला कचरा वेगळा घेतला जातो आणि देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात, ज्याची क्षमता सुरुवातीला रोज 550 टन होती, त्यापासून गॅस तयार होतो. अशा ठिकाणी डाळ माखलेली, प्लास्टिकचा थर असलेली ताटली ना ओल्यात घालता येते ना सुक्यात.

‘आपापले ताट घेऊन या’ असे सांगून मोकळे होणे ही तिसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी. तूप गोठलेली ताटे गार पाण्याने निघत नाहीत, मग कोणीतरी वैतागून पुढच्या वेळी थर्माकोलच बरे म्हणतो. खरकट्यासाठी झाकणाची बादली, त्यानंतर साबणाच्या गरम पाण्याचे घमेले, मग स्वच्छ पाण्याची दोन घमेली आणि शेवटी भांडी पालथी घालायला जागा, अशी रांग जेवण सुरू होण्यापूर्वीच मांडावी. ज्याने जेवले त्यानेच खरकटे काढावे. यजमान घरातील बायकांवर सगळा ढीग सोडण्याला पर्यावरणप्रेम म्हणता येत नाही.

जैन शेजाऱ्यांचे व उपवास करणाऱ्यांचे डाव-चमचे वेगळे ठेवावेत आणि त्यांच्या दांड्यांना रंगीत दोरा बांधावा, म्हणजे गर्दीत अदलाबदल होणार नाही. कढी, ताक किंवा चिंचेचे सार कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात ठेवू नये, ते कळकते.

दाऊदी बोहरा घरांत सात-आठ जण एकाच मोठ्या थाळाभोवती बसून चिमूटभर मिठाने जेवण सुरू करतात. ही रीत सर्वांवर लादू नये. मात्र ज्यांना चालते त्यांच्यासाठी एक थाळ मांडला तर तेवढी ताटे घासायची वाचतात.

भांड्यांवर नाव कोरलेले नसेल तर बुडाला रंगाचा ठिपका लावून घ्यावा आणि परत नेताना ती मोजून द्यावीत, कारण वाट्या हमखास दुसऱ्याच्या पिशवीत जातात.