खाजनात बी टाकायची घाई नको

मिरगाचा पहिला पाऊस पडला की मरडावरची, म्हणजे उंचावरच्या शेतातली, नांगरणी सुरू होते आणि खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतातल्या, शेतकऱ्याचेही हात शिवशिवू लागतात. थोडं थांबा. म्हादई, म्हणजेच गोव्याची मांडवी नदी, आपलं पाणी सत्तरी तालुक्यातून आणते. वाळवंटी आणि खांडेपार तिला येऊन मिळतात. पण मे महिन्यात नदीचं पाणी आटलेलं असतं, आणि समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर दिवाडी-चोडण बेटं ओलांडून बरंच आत शिरतं. ते मागे रेटायला घाटातला जोरदार पाऊसच लागतो. पणजीत दोन सरी आल्या म्हणून खाजन गोडं होत नाही.

तोवर बांध पाहा. कुर्ल्यांची बिळं वरून बोटभर दिसतात, आत मात्र बांध पोखरलेला असतो. वरवर माती लोटून भागत नाही. बीळ उकरून चिकणमातीने ठासून बंद करा. हे काम भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास उरका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओला बांध टिकत नाही. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या भरतीला घट्ट मिटतात का आणि ओहोटीला सहज उघडतात का, हे स्वतः उभं राहून बघा. मासळीच्या लोभाने अवेळी मानस उघडणारा एकजण असला, तरी अख्ख्या वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, पीक जातं. हे भाटकार (जमीनमालक) आणि कूळ सगळ्यांनी बसून आधीच ठरवलेलं बरं.

पाऊस लागला की शेतात पाणी साठवा, चिखलणी करा आणि ओहोटीला मानशीतून सोडून द्या. असं दोन-तीनदा केल्यावर माती तपासून घ्या, मगच मोड आलेलं बी टाका. खत मात्र ही धुणी संपल्यावरच, नाहीतर ते थेट मांडवीत जाईल. बियाणं कोरगुट हे खारेपण सोसणारं गावठी भात, किंवा त्यातूनच निवडलेली गोवा धान-१ आणि २. ‘ज्योती’चं उत्पन्न चांगलं, पण ती खाऱ्या जमिनीसाठी नव्हे.

वरच्या अंगाला सत्तरी-फोंड्यातल्या कुळागरवाल्यांनी (पोफळीच्या बागा राखणाऱ्यांनी) पोफळीवर १ टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक पाऊस लागण्याआधीच फवारावं: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, उलट नको. चकचकीत कोयत्याचं पातं मिश्रणात बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. साधारण ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून दुसरी फवारणी.

काजूच्या उतारावर आडवे चर खणा. तिथली माती वाहून अखेर खालच्या मानशीच्या तोंडाशीच बसते.