नाव मोठं, लक्षण खोटं? फॅन्टसी लीगमधला वाइड रिसीव्हर कसा पारखावा

23 जानेवारी 2022. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या कॅन्सस सिटीतल्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात बफेलो बिल्स संघाचा वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन पास झेलणारा खेळाडू, गेब डेव्हिसनं 8 कॅच, 201 यार्ड आणि 4 टचडाउन (चेंडू घेऊन मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचणं) केले. एनएफएलच्या प्लेऑफमध्ये एकाच सामन्यात 4 टचडाउन कॅच त्याआधी कुणालाच जमले नव्हते. बिल्स हरले, पण पुढच्या फॅन्टसी ड्राफ्टमध्ये (खऱ्या खेळाडूंमधून पाळीपाळीनं आपला कागदी संघ निवडतात आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळतात) डेव्हिसचा भाव चढला तो चढलाच. असा चढा भाव मोजावा का, हे कागद-पेन घेऊन बसलं की बऱ्यापैकी कळतं.

आधी आपल्या लीगची गुणपद्धत बघा. बहुतेक ठिकाणी 10 यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला 6. पीपीआर लीग असेल तर प्रत्येक कॅचचा आणखी 1. छोटे छोटे कॅच घेणारा गडी पीपीआरमध्ये सोनं असतो, साध्या लीगमध्ये तोच महाग पडतो.

मग टार्गेट मोजा, म्हणजे क्वार्टरबॅकनं त्याच्याकडे किती वेळा चेंडू फेकला ते. हायलाइट्समध्ये हा आकडा दिसत नाही, पण रिसीव्हरची भाजीभाकरी यावरच चालते. 2021 च्या नियमित हंगामात डेव्हिसला 16 सामन्यांत 63 टार्गेट मिळाली, सामन्याला जेमतेम चार. त्याच संघात स्टीफॉन डिग्जला 164! माझ्या मते हिशेब इथेच संपायला हवा होता. पण ती रात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, माझ्याही.

टचडाउन जरा संशयानंच बघा, ते लहरी असतात. डेट्रॉइटचा रिसीव्हर कॅल्विन जॉन्सन, त्याचे 2011 मध्ये 16 टचडाउन होते. 2012 मध्ये त्यानं विक्रमी 1,964 यार्ड काढले आणि टचडाउन झाले फक्त 5. डेव्हिसचे 2021 मध्ये 35 कॅचमध्ये 6 होते, 2022 मध्ये 48 मध्ये 7. गंमत बघा, त्याचं प्रमाण फारसं घसरलंही नाही, तरी भाव वसूल झाला नाही. मुळात चेंडूच कमी येत होते.

आता माझी आवडती कसोटी: सगळ्यात मोठा सामना बाजूला काढा आणि सरासरी पुन्हा मांडा. 2022 मध्ये डेव्हिसचे 15 सामन्यांत 836 यार्ड. पीपीआरनं सगळे मिळून 173.6 गुण, सरासरी 11.6. त्यातला पिट्सबर्गविरुद्धचा एक सामना बघा: 3 कॅच, 171 यार्ड, 2 टचडाउन, त्यातलं एक तर 98 यार्डांचं. एका दुपारीत 32.1 गुण. तो वगळला की उरलेल्या 14 सामन्यांची सरासरी 10.1. तुमच्या लीगमध्ये आठवडे जिंकायचे असतात, आणि त्या एका धमाक्यानं जिंकून दिला एकच आठवडा.

क्वार्टरबॅक बदललाय का, संघात नवा रिसीव्हर आलाय का, तेही बघून घ्या.

शेवटी एडीपी, म्हणजे तो सरासरी कितव्या क्रमांकाला उचलला जातो ते. त्याच्यानंतर जाणाऱ्या चार-पाच रिसीव्हरांची गेल्या वर्षीची टार्गेट शेजारी लिहा. निवडीच्या दोन राउंड उशिरा मिळणाऱ्याकडे जास्त टार्गेट असतील, तर पहिल्याला खुशाल सोडा. तोच दहाव्या राउंडपर्यंत उरला तर मात्र बेंचसाठी (राखीव म्हणून) मी डोळे मिटून घेईन.