घरच्या द्राक्षांचा रस: या चुका टाळा

द्राक्षांना रंग चढला म्हणजे ती पिकली, असं वाटत असेल तर कात्री आधी खाली ठेवा. रंग आधी येतो, गोडी मागाहून. आपल्याला सवय आंब्याची: कच्चा उतरवा, अढीत घाला, पिकतो. द्राक्षाचं तसं नाही. वेलीवरून तुटलं की गोडी तिथेच थांबते. मग डब्यात ठेवा नाहीतर तांदळात पुरा, फार तर सुकेल.

ऐरोलीत ओळखीच्या एका काकांनी गच्चीवर लोखंडी मांडव घालून काळ्या द्राक्षांची वेल चढवली होती. ऑक्टोबरची छाटणी वेळेवर, घडही छान लागले. जानेवारीत मणी काळे दिसू लागले आणि बुलबुलांनी चार-दोन टोचले. काका घाबरले. एका सकाळी सगळा मांडव रिकामा केला आणि रस काढायला मला बोलावलं. मी एक मणी तोंडात टाकला आणि दात आंबले. रसात साखर घातली, आणखी घातली, तरी आंबटपणा हटेना. काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा कोकम सरबत केलं असतं तर?" बरोबरच होतं त्यांचं. ऑक्टोबरात छाटलेली वेल साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होते. पक्ष्यांची भीती असेल तर घडांना जाळीच्या पिशव्या बांधा. नाशिककडचे बागायतदार कागदात घड गुंडाळतात, तसंही चालेल. पण तोडू नका.

घडाचे देठाकडचे मणी आधी गोड होतात, शेंड्याचे शेवटी. म्हणून मी नेहमी शेंड्याचा मणी चाखतो. तो गोड लागला तरच घड उतरवतो. बी हिरवी दिसली तर अजून थांबायचं, तपकिरी झाली की समजायचं. रसात साखर घालावी लागली तर चूक स्वयंपाकघरात झालेली नाही, गच्चीवर झाली आहे.

दुसरा माझा राग मिक्सरवर. बियांची द्राक्षं मिक्सरमध्ये फिरवली की बिया फुटतात, त्यातलं टॅनिन रसात उतरतं आणि घसा धरल्यासारखी तुरट-कडू चव येते. वर फेस येतो तो वेगळाच. "पाच मिनिटांत होतं हो," असं सांगणाऱ्यांच्या घरचा रस मी प्यायलो आहे, पुन्हा पिणार नाही. मणी देठावरून सोडवा, स्टीलच्या पातेल्यात हाताने चुरडा, मंद आचेवर ठेवा. वाफा दिसू लागल्या की गॅस बंद. उकळी आली तर जॅमचा वास येतो. सालींचा रंग उतरेपर्यंत झाकून ठेवा, मग मलमलच्या कापडात बांधून टांगा आणि आपापल्या कामाला लागा. पुरचुंडी पिळायची नाही. पिळलीत की गाळ आलाच.

हिरव्या द्राक्षांना आच नको. चुरडा, गाळा, लिंबू पिळा आणि लगेच प्या, नाहीतर रस तपकिरी पडतो.

ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबट रस त्याला खातो.

सालीवरची पांढुरकी पूड ही द्राक्षाचीच मेणचट लव असते. ती घासत बसू नका, साध्या पाण्याने धुणं पुरे. मात्र वेलीवर मोरचूद-चुन्याचं किंवा दुसरं कुठलं औषध मारलं असेल, तर पाकिटावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तोडणी नाही. यात घाई करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या घरी रस घेत नाही.

रस ओट्यावर विसरू नका. सालीवर यीस्ट असतंच, आणि ठाण्याच्या मार्चमध्ये कच्चा रस दुसऱ्या दिवशी फसफसतो. बूच घट्ट लावलेली काचेची बाटली फुटूही शकते. फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. उरणार असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

आणि तळाशी बारीक चकचकीत खडे दिसले तर काच फुटली म्हणून रस ओतून देऊ नका. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचा तो क्षार आहे, थंडीत खाली बसतो. रस अलगद वरून ओतून घ्या, खडे तळाशीच राहतात.