पुरस्कार मिळालेल्या सिनेमावर लिहायचं असेल तर

आमच्या वाचनालयात अधूनमधून सिनेमा दाखवतात. नंतर कॉलेजातली मुलं त्यावर काही लिहितात आणि मला वाचायला देतात. बहुतेक लेखांची सुरुवात ठरलेली असते, 'राष्ट्रीय पुरस्कारविजेता हा चित्रपट म्हणजे...' पुढे कसदार अभिनय, हृदयस्पर्शी कथा, विषयाला दिलेला न्याय. लेख संपतो, पण लिहिणाऱ्याने पडद्यावर काय पाहिलं ते कळतच नाही.

म्हणून पहिलं सांगणं हे, की पहिल्या खर्ड्यात पुरस्काराचा शब्दही नको. सिनेमा पाहिलात त्याच रात्री, इतरांचं काहीही वाचण्याआधी, मनातून न हटणारा एकच प्रसंग लिहून काढा. कॅमेरा कुठे होता, किती वेळ तिथेच थांबला, काय ऐकू येत होतं, माणसं काय करत होती, एवढंच लिहा. अर्थ दुसऱ्या दिवशी.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. न्यायालयाला सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. आमच्याकडे तेव्हा काहीजण चपला शोधायला लागले होते. सिनेमा मात्र संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश साहेब कुटुंबासोबत सहलीला गेलेले दिसतात. बाकावर त्यांचा डोळा लागतो, मुलं ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा पेंगायला लागतात. हे सगळं जसंच्या तसं, विशेषणं न लावता लिहा. खटल्यातला आरोपी, लोकशाहीर नारायण कांबळे, तिकडे कोठडीत असताना खटल्याला सुट्टी आहे, हे मग वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही. चपला शोधणारी माणसंही लेखात येऊ द्या. तो काळा पडदा प्रेक्षकाला 'संपलं' असं वाटायला लावतो, आणि ते तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

याच सिनेमातली सरकारी वकीलबाई गीतांजली कुलकर्णींनी केली आहे. त्यांच्याबद्दल 'सहजसुंदर अभिनय' असं लिहून मोकळं होऊ नका. कोर्टात ती कायद्याची कलमं एका सुरात वाचत जाते, मग लोकलने घरी येते आणि स्वयंपाकाला लागते. दोन्ही ठिकाणी ती कामच उरकत असते. तिचा राग येता येता अडतो तो इथे. अभिनयावर लिहायचं म्हणजे आपलं मन नेमकं कुठे अडलं ते शोधायचं.

आवाजाकडे आपलं सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुकराचा पाठलाग ऐन रंगात आलेला असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. डुक्कर धरायला धावणारी त्या कुटुंबातली सगळी माणसं आहेत तिथे ताठ उभी राहतात, आणि डुक्कर निसटतं. एकही संवाद नाही. या प्रसंगावर लिहिताना 'व्यवस्थेवर प्रखर भाष्य' असे शब्द आले, तर ते खोडून राष्ट्रगीत कुठून येतं ते लिहा.

कथानक तीन-चार वाक्यांत आटपा आणि शेवट सांगू नका, असं मी एरवी सांगते. पण शेवटावरच मुद्दा उभा असेल, तर वाचकाला आधी सावध करून खुशाल सांगा. श्रेयनामावली संपेपर्यंत बसा. 'कोर्ट'मधला तो स्थिर, लांबून पाहणारा कॅमेरा मृणाल देसाई यांचा आहे. दिग्दर्शकाचं कौतुक करता करता छायालेखकाचं काम त्याच्याच खात्यावर टाकणं मला फार खटकतं.

आता पुरस्कार. इथे अचूकपणा हवाच, कारण चुकीची माहिती एका लेखातून दुसऱ्या लेखात जात राहते. पुरस्कार कुणी दिला, कोणत्या विभागात, कोणत्या सालासाठी, हे तिन्ही तपासा. 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मिळालेला सर्वोत्तम चित्रपटाचा सन्मान 'ओरिझोंती' या, सिनेमातल्या नव्या वाटांसाठीच्या विभागातला होता. मुख्य स्पर्धेतला 'गोल्डन लायन' वेगळा. शिवाय पहिल्या चित्रपटासाठी दिला जाणारा 'लायन ऑफ द फ्युचर'ही त्याला मिळाला. पुढे २०२० साली ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' मुख्य स्पर्धेत होता आणि त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. हा फरक लिहिला तरच दिग्दर्शकाचा प्रवास दिसतो.

साल तर हमखास चुकतं. राष्ट्रीय पुरस्कार ज्या वर्षासाठी असतो, त्या वर्षानंतर जाहीर होतो. संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला सर्वोत्तम चित्रपटाचा सन्मान २००३ सालासाठी होता, जाहीर झाला २००४ मध्ये. तुम्ही कोणतं साल देताय ते वाक्यातच स्पष्ट करा.

आणि 'ऑस्करला गेला' हे वाक्य कृपा करून वापरू नका. दरवर्षी भारतातर्फे एक चित्रपट निवडून पाठवला जातो, ती झाली अधिकृत प्रवेशिका. नामांकन ही पुढची पायरी. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे तिन्ही भारताची प्रवेशिका होते, नामांकन एकालाही मिळालं नाही. त्यांचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही, पण 'नामांकित' लिहिलं तर ते खोटं ठरतं.

ही माहिती लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात टाका. तोवर वाचकाने तुमच्या शब्दांतून सिनेमा पाहिलेला असतो, त्यामुळे परीक्षकांशी आपलं पटतं की नाही हे तो स्वतः ठरवू शकतो. तुमचं परीक्षकांशी पटलं नसेल, तर तेही तिथेच लिहा, आणि कोणत्या प्रसंगामुळे पटलं नाही ते सांगा. मग लेख एकदा मोठ्याने वाचा. जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही सिनेमाला चालून जाईल, ते काढून टाका.