गावावरून शिकायला चाललात अन् रूम शेअर करायची आहे? आधी हे वाचा

बारावी झाली की आपल्या खेड्यापाड्यातले पोट्टे-पोट्टी अमरावती, यवतमाळ, नागपूरकडे निघतात, सरकारी होस्टेलात नंबर लागत नाही अन् मग चौघं मिळून एक रूम बघतात. रूम बघताना सगळे पहिले भाडं विचारतात. माझं म्हणणं, आधी हे विचारा, "काका, करार रजिस्टर करून देता का? अन् त्यात आम्हा चौघांचंही नाव टाकता का?"

काहून, तर भाड्यासाठी सरकारची मदत मागायची तर भाडेकरार लागते. एससी अन् नवबौद्ध पोरांसाठी स्वाधार योजना आहे, एसटीसाठी स्वयम, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी सावित्रीबाई फुले आधार, अन् अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या पोरांना काही कोर्सेससाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये नागपूरला राहणाऱ्याला जेवण, रूम, बाकी खर्च धरून वर्षाला ६०,००० रुपये आहेत, उत्पन्नाची अट अडीच लाखाची. एकाच्याच नावाने करार केला अन् बाकीचे तिघं नुसते राहत असले, तर त्या तिघांनी अर्जाला काय जोडायचं? गरीब घरचे लेकरं निव्वळ कागदापायी मागं राहतात याचं मला फार वाईट वाटते. अन् पैसा उशिरा येते, पहिल्या काही महिन्यांचं भाडं घरूनच जाईल असं धरून चला.

आता मालक म्हणते, "अकरा महिन्याचाच तर आहे, नोटरी करून टाकू." हे सर्रास चालते, पण आपल्या राज्यात ते बरोबर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५ सांगते की करार लेखी पाहिजे अन् रजिस्टर पाहिजे, मग तो किती का महिन्याचा असेना, अन् ती जबाबदारी मालकाची. मालकाने केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरल्या जाते. हे मालकाला धमकी म्हणून नका सांगू, शांतपणे सांगा. खर्चही जास्त नाही. स्टॅम्प एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे महिना ६,००० धरून अकरा महिन्याचे दीडशे-दोनशे, अन् नोंदणी फी महानगरपालिकेत १,०००, ग्रामीण भागात ५००. चौघांत वाटून घ्या, मालकाला म्हणा आम्ही भरतो, मग बहुतेक जण तयार होतात. नोंदणी ऑनलाइन होते, आधार अन् अंगठा लागते.

डिपॉझिटचं लोक दोन महिन्यांची मर्यादा सांगतात, ती केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. म्हणून डिपॉझिट किती, परत कधी, रंगरंगोटीचे कापणार का, सगळं करारातच लिहून घ्या अन् यूपीआयनेच द्या. भाड्याची पावती मागणं तुमचा हक्क आहे. भांडण झालं म्हणून मालकाला पाणी-लाइट तोडता येत नाही, आपल्या राज्याच्या १९९९ च्याच कायद्याचं कलम २९.

लाइटचं मात्र नीट बघा, खरी कटकट तिथंच होते. पूर्ण घराला एकच मीटर असलं की महावितरणचे युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात अन् तुमच्या वाट्याला महाग दर येते, त्यामुळे वेगळं मीटर नाहीतर निदान सबमीटर पाहिजे, राहायला गेल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून ठेवा. टिनाची रूम स्वस्त मिळते पण एप्रिल-मे मध्ये तिथं अभ्यास होत नाही भाऊ, कूलरशिवाय निभत नाही, मग कूलर लावू देणार का अन् त्याला पाणी मिळणार का हे आताच विचारा, उन्हाळ्यात नको.

आडनाव विचारून "रूम गेली" म्हणणारे भेटतील. चुकीचंच आहे ते, पण अशा घरात वर्ष काढण्यात अर्थ नाही. कॉलेजातल्या सिनियर पोरांना विचारा, ते जी रूम सोडून चालले ती घ्या, मालक कसा आहे तेही आपोआप कळते.

आपसातलंही वहीत लिहा, गॅस कोणाचा, कोणी मधातच सोडलं तर नवा मेंबर येईपर्यंत त्याचा हिस्सा कोण भरणार. अन् नवा आला की करारात त्याचं नाव घालून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी त्याचा अर्ज अडकते.