थ्रिलरच्या टायटल्सना संगीत निवडताय? या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या थ्रिलरच्या शेवटी येणारे टायटल्स मला आता डोळे मिटूनही ओळखता येतात. खालून घुमणारा ड्रोन, म्हणजे एकच लांबवलेला खर्जातला सूर, वर घड्याळाची टिकटिक आणि शेवटी एक दणदणीत 'धम्म'. फिल्मभर घड्याळ एकदाही दिसलेलं नसतं.

सगळ्यात महागात पडतं ते टेम्प ट्रॅकच्या प्रेमात पडणं. माझ्या पहिल्या फिल्मच्या एडिटला मी 'तात्पुरतं' म्हणून एका गाजलेल्या सिनेमाचं थीम म्युझिक लावलं आणि तीन आठवडे त्याच्या ठेक्यावर एकेक नाव बसवत राहिलो. फेस्टिव्हलच्या फॉर्मवर संगीताच्या परवानगीचा रकाना दिसला, तेव्हा हातात दोन दिवस होते. परवानग्या दोन लागतात, एक रचनेची आणि एक त्या रेकॉर्डिंगची, हेही तेव्हाच कळलं. मिळाली एकही नाही. घाईघाईत दुसरा ट्रॅक टाकला, तर एक नाव ठोक्यावर पडेल तर शपथ! दिग्दर्शकाचं नाव दोन ठोक्यांच्या मधे लोंबकळत होतं. दिग्दर्शक मीच.

तेव्हापासून मी टायटल्स नुसत्या क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टकटकीवर, कापतो. सेकंदाला 24 फ्रेम्सच्या टाइमलाइनवर 120 बीपीएमचा (मिनिटाला 120 ठोक्यांचा) ठोका बरोबर दर 12 फ्रेम्सनी येतो. मग त्याच गतीचा ट्रॅक शोधायचा. कंटाळवाणं काम आहे, पण क्लिकच्या प्रेमात कुणी पडत नाही.

'परवानगी नसली तरी तीस सेकंदांपर्यंत चालतं' असा कुठलाही नियम नाही. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. जुन्या सिंफनीची रचना कॉपीराइटमधून मुक्त असली, तरी तिचं नवं रेकॉर्डिंग मुक्त असेलच असं नाही.

'क्रिएटिव्ह कॉमन्स आहे ना, मग झालं' म्हणणाऱ्यांनी त्या खुल्या लायसन्सच्या नावातली पुढची अक्षरंही वाचावीत. एनडी (नो डेरिव्हेटिव्हज, म्हणजे रूपांतराला मनाई) असेल तर तो ट्रॅक फिल्मसाठी बाद, कारण संगीत चित्राशी जुळवणं हेच त्या लायसन्समध्ये रूपांतर धरलं जातं. एनसी (नॉन-कमर्शियल) असेल तर त्या फिल्मवर पैसे कमवायचा विचार सोडा. मी डाउनलोड करतानाच लायसन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकतो. नंतर शोधू म्हणणाऱ्यांना ते पान नंतर सापडत नाही.

दुसरा माझा राग शेवटच्या शॉटवरच टायटल्सचं संगीत ओतणाऱ्यांवर. खुनी कोण ते आत्ता कुठे कळलंय, आणि तुम्ही लगेच ढोल बडवता? दिग्दर्शकाला शांततेची भीती वाटते, म्हणून प्रेक्षकाला शिक्षा. मी काळ्या पडद्यावर दोन-तीन सेकंद त्याच खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, चालू ठेवतो आणि मगच पहिला सूर येऊ देतो. त्यासाठी शूटच्या दिवशी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट रूम टोन रेकॉर्ड करावा लागतो, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

संवादांपेक्षा टायटल्स दुप्पट मोठ्याने वाजवू नका. आणि चार मिनिटांचं गाणं चाळीस सेकंदांनी फेड आउट करण्यापेक्षा त्याचा शेवटचा सूर शेवटच्या नावावर ठेवा आणि तिथून मागे मोजत या. सुरुवात कुठे कापायची ते आपोआप दिसतं.